मीटर, मेट्रो आणि माता

'मीटर' आणि 'मेट्रो' हे दोन शब्द एकाच मुळातून निघाले आहेत काय, असा प्रश्न मराठी वाचक पुष्कळदा विचारतात, आणि तो विचारण्याजोगाच आहे. कारण दोन्ही शब्दांचा सांगाडा म, ट आणि र या तीन व्यंजनांचा आहे, दोन्ही बाहेरून आलेले आहेत आणि दोन्ही शहरांच्या वाढीबरोबर रोजच्या बोलण्यात शिरले आहेत. नवी मुंबईतील उलव्यासारख्या वस्तीत तर ते पावलोपावली भेटतात. सिडकोने वसवलेल्या या उपनगरात भूखंडांची मोजणी चौरस मीटरमध्ये होते, प्रत्येक नव्या इमारतीच्या तळमजल्यावर विजेच्या मीटरांची रांग असते, लगतच्या नव्या विमानतळाची धावपट्टी सुमारे ३,७०० मीटर लांबीची आहे, आणि खाडीपलीकडे बेलापूरहून पेंधरपर्यंत १७ नोव्हेंबर २०२३ पासून मेट्रो धावते आहे.

प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. हे दोन शब्द एकमेकांचे कोणीही लागत नाहीत. मात्र एवढे सांगून भागत नाही, कारण ते नातलग का नाहीत हे समजून घेताना त्यांचे खरे नातलग कोण याचा शोध लागतो, आणि ते नातलग शालेय भूमितीच्या पुस्तकात, सातबाऱ्यावर, लग्नाच्या मुहूर्तात आणि खुद्द 'मुंबई' या नावाच्या आसपास बसलेले सापडतात.

१. एक शब्द, दोन लिंगे

या गोंधळाचे सर्वांत स्पष्ट रूप इटालियन भाषेत दिसते. इटालियन ही लॅटिनची कन्या आहे. लॅटिनने ग्रीक भाषेतून शेकडो शब्द उचलले आणि ते इटालियनकडे वारशाने किंवा पंडितांच्या हातून आले. शिवाय इटालियन लेखन बहुतांशी उच्चाराप्रमाणे चालत असल्यामुळे शब्दाच्या आतले ग्रीक मूळ लपून राहत नाही. या भाषेत 'मेत्रो' हा शब्द पुल्लिंगी वापरला, म्हणजे 'इल मेत्रो' म्हटले, तर त्याचा अर्थ लांबीचे माप असा होतो, आणि तोच शब्द स्त्रीलिंगी वापरला, म्हणजे 'ला मेत्रो' म्हटले, तर अर्थ शहरातली भुयारी रेल्वे असा होतो. अक्षरे तीच, उच्चार तोच. फरक फक्त लिंगाचा. मराठीत 'मीटर' आणि 'मेट्रो' निदान ऐकायला वेगळे आहेत, इटालियनमध्ये तेवढाही आधार उरलेला नाही.

ग्रीक भाषेत मात्र हे दोन शब्द कधीच एक नव्हते. मापाचा शब्द 'मेत्रोन' होता आणि त्यातला 'ए' ऱ्हस्व होता. भुयारी रेल्वेच्या नावामागचा शब्द 'मेतेर', म्हणजे आई, हा होता आणि त्यातला पहिला 'ए' दीर्घ होता. देवनागरीत ऱ्हस्व 'ए'साठी वेगळे अक्षर नसल्यामुळे हा भेद मराठी लिपीत दाखवता येत नाही, परंतु कन्नड लिपीत ऱ्हस्व आणि दीर्घ 'ए' अशी दोन अक्षरे आहेत आणि ग्रीक लिपीतही 'एप्सिलॉन' आणि 'ईटा' अशी दोन आहेत. मराठी वाचकाला हा भेद परका वाटण्याचे कारण नाही. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा. वेलांटी किंवा उकार बदलला की शब्दाचे कूळच बदलते, हे मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शुद्धलेखनाच्या तासाला शिकवलेले असते. पुढच्या काळात ऱ्हस्व-दीर्घाचा हा फरक पुसला गेला आणि मोजमाप व माता ही दोन कुळे एकाच रूपात येऊन बसली.

याला आणखी बळकट पुरावा ग्रीक बोलींचा आहे. अथेन्सच्या ग्रीकमध्ये आईला 'मेतेर' म्हणत, परंतु डोरिक नावाच्या दुसऱ्या बोलीत त्याच शब्दाचे रूप 'मातेर' असे होते, म्हणजे तिथे जुना 'आ' टिकून राहिला होता. मापाच्या 'मेत्रोन'चे मात्र डोरिक बोलीतही 'मात्रोन' होत नाही. तो सगळीकडे 'मेत्रोन'च राहतो. एकाच स्वराचे दोन शब्दांत दोन वेगळे वागणे दिसले, की ते स्वर मुळात वेगळे होते असे मानावे लागते.

२. दोन पाटील आणि सासरी गेलेली बहीण

शब्दांचे नाते ओळखण्याची रीत समजण्यासाठी उलवे, उरण, पनवेल या पट्ट्यातल्या गावांचे उदाहरण उपयोगी पडेल. या पट्ट्यात पाटील आडनावाची घरे गावोगावी आहेत, पण 'पाटील' हे मूळचे हुद्द्याचे नाव असल्यामुळे दोन गावांतले दोन पाटील एकमेकांचे भाऊबंद असतीलच असे नाही. उलट लग्न होऊन सासरी गेलेल्या बहिणीचे आडनाव बदलते, तरी ती सख्खी बहीणच असते. मीटर आणि मेट्रो हे दोन गावांतले दोन पाटील आहेत. सासरी गेलेल्या बहिणीसारखे शब्द ओळखायला आडनाव पाहून चालत नाही, वंशावळ पाहावी लागते.

ही वंशावळ जुळवण्याची पहिली चाहूल ज्या थोड्या लोकांना लागली, त्यांत एक इटालियन होता आणि तो याच किनाऱ्यावर राहून गेला. फ्लॉरेन्सचा व्यापारी फिलिप्पो सासेत्ती १५८३ मध्ये कोचीनला आला, कोचीन आणि गोवा येथे त्याने काही वर्षे काढली आणि १५८८ मध्ये गोव्यातच त्याचा मृत्यू झाला. आपल्या देशी पाठवलेल्या एका पत्रात त्याने नोंदवले की इथल्या पंडितांच्या भाषेतले कित्येक शब्द इटालियन शब्दांसारखे आहेत, आणि त्याने देव, सर्प, सहा, सात, आठ आणि नऊ यांसाठीच्या शब्दांचा दाखला दिला. इटालियनमध्ये देवाला 'दिओ', सर्पाला 'सेर्पे', आणि सात, आठ, नऊ यांना 'सेत्ते', 'ओत्तो', 'नोवे' म्हणतात. विल्यम जोन्सने कलकत्त्यात १७८६ साली संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे समान मूळ असल्याचे मत मांडले, त्याच्या दोनशे वर्षे आधीची ही नोंद आहे, आणि कोकण-गोव्याच्या इतिहासात तिला मिळाले आहे त्यापेक्षा बरेच मोठे स्थान मिळायला हवे.

सासेत्तीने साम्य पाहिले. नियम पुढच्या अभ्यासकांनी शोधले. नियम म्हणजे काय, ते दोन शब्दांवरून कळेल. ग्रीकमध्ये दहाला 'देका' म्हणतात आणि संस्कृतात 'दश'. ग्रीकमध्ये शंभराला 'हेकातोन' म्हणतात, त्यातला 'हे' हा 'एक' या अर्थाचा असून उरलेला 'कातोन' म्हणजे संस्कृतातले 'शतम्'. दोन्ही जोड्यांत ग्रीक 'क'च्या जागी संस्कृत 'श' आहे. असे अनेक शब्दांत नेमाने घडते तेव्हा तो योगायोग राहत नाही. दिसण्यावर न जाता अशा नेमक्या अदलाबदलीवर विसंबणे, हीच या शास्त्राची सारी शिस्त आहे.

३. मोजणाऱ्यांचे घर

'मेत्रोन'च्या घरातले इटालियन शब्द मोजू लागल्यास संपत नाहीत. 'तेर्मोमेत्रो' म्हणजे उष्णता मोजणारे साधन, 'पेरिमेत्रो' म्हणजे भोवतालचे माप, 'दियामेत्रो' म्हणजे आरपार माप, 'सिम्मेत्रिया' म्हणजे मापांचा एकमेकांशी मेळ, आणि 'जेओमेत्रिया' म्हणजे भूमीचे माप. हे सगळे शब्द मराठीतही थर्मामीटर, पेरिमीटर, डायमीटर, सिमेट्री आणि जॉमेट्री या इंग्रजी वळणाने ओळखीचे आहेत.

मराठीच्या दृष्टीने यातली खरी गोष्ट पुढेच आहे. संस्कृतात 'मा' हा मोजण्याच्या अर्थाचा धातू आहे. मात्रा, मान, परिमाण, प्रमाण, अनुमान, उपमा हे सारे त्याचे शब्द; आणि त्याचेच आखूड झालेले रूप 'मित' आणि 'मिती' यांत दिसते, जसे 'स्था' धातूचे 'स्थित' आणि 'स्थिती' होते. ग्रीक 'मेत्रोन'मधला ऱ्हस्व 'ए' आणि संस्कृत 'मिती'मधला ऱ्हस्व 'इ' हे एकाच जुन्या आखूड रूपाचे दोन भाषांतले दोन अवतार आहेत, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे 'मीटर'ची सासरी गेलेली बहीण 'मेट्रो' नसून 'मिती' आहे.

आता 'परिमिती' हा शाळेत पाठ होणारा शब्द जवळून पाहावा. एखाद्या भूखंडाच्या चारही बाजूंच्या लांबीची बेरीज म्हणजे परिमिती. २० मीटर लांब आणि १५ मीटर रुंद भूखंडाची परिमिती ७० मीटर, आणि तेवढ्या लांबीचे कुंपण त्याला लागते. इटालियन 'पेरिमेत्रो' ग्रीक 'पेरि' आणि 'मेत्रोन' यांचा बनला आहे. 'पेरि' म्हणजे भोवती, आणि संस्कृत 'परि' हा त्याचा सख्खा भाऊ आहे. परिक्रमा, परिसर, परिघ यांत तोच आहे. अशा रीतीने 'पेरिमेत्रो' आणि 'परिमिती' यांचे पूर्वपद पूर्वपदाचे आणि उत्तरपद उत्तरपदाचे नातलग ठरते. मराठी परिभाषा घडवणाऱ्यांनी अर्थाचे भाषांतर केले आणि शब्दाचे दोन्ही अवयव आपोआप आपल्या भावंडांना जाऊन भेटले. इतका सुरेख जोड परिभाषेच्या कोशात क्वचितच सापडतो, आणि गणिताच्या वर्गात तो दाखवायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

थर्मामीटरच्या पूर्वार्धाची कथाही अशीच आहे. ग्रीक 'थेर्मोस' म्हणजे गरम, आणि त्याचा संस्कृत नातलग 'घर्म', म्हणजे उष्मा. प्राकृतात त्याचे 'घम्म' झाले आणि मराठीत 'घाम'. ताप उतरताना कपाळावर येणारा घाम आणि काखेत लावलेले थर्मामीटर यांचे नाते असे शब्दांतही आहे.

'सिम्मेत्रिया'च्या बाबतीत मात्र सावध राहायला हवे. मराठीत तिला 'सममिती' म्हणतात आणि 'सिम' व 'सम' हे एकच असावेत असा मोह होतो. परंतु ग्रीक 'सिन', जो म अक्षरापूर्वी 'सिम' होतो, तो 'बरोबर, सोबत' या अर्थाचा वेगळा शब्द आहे. संस्कृत 'सम'चा ग्रीक भाऊ 'होमोस' आहे आणि तो होमिओपॅथीच्या नावात जाऊन बसला आहे. इथे मितीचे नाते खरे आणि समाचे नाते खोटे.

'जेओमेत्रिया'तला 'जे' म्हणजे पृथ्वी, आणि हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की नाईलच्या पुरात वाहून गेलेली शेते पुन्हा मोजण्याच्या गरजेतून ही विद्या इजिप्तमध्ये जन्मली. इटालियनमध्ये 'जेओमेत्रा' हे आजही एका पेशाचे नाव आहे; जमिनीची आणि बांधकामाची मोजणी करणाऱ्या, नकाशे तयार करणाऱ्या माणसाला ते लावतात. महाराष्ट्रात भूमी अभिलेख विभागाकडे हेच काम करणारा 'भूकरमापक' असतो. भूमिती हा वहीतला विषय होण्याआधी बांधावरचे काम होते, ही आठवण दोन्ही नावांनी जपली आहे.

४. मापाला 'मीटर' हे नाव कसे मिळाले

ग्रीकांचा 'मेत्रोन' हा शब्द कोणत्याही मापाला चालत असे. धान्याचे माप, लांबीचे माप, आणि कवितेच्या चरणाचे मापही. मराठीत मात्रावृत्ताच्या मात्रा मोजतात, औषधाची मात्रा देतात आणि शहाण्यापुढे कोणाची मात्रा चालत नाही. तोच व्याप ग्रीक शब्दालाही होता. त्याला एका ठराविक लांबीचे नाव करण्याची कल्पना पहिल्यांदा मांडली तीही एका इटालियनाने. तितो लिव्हियो बुरात्तिनी हा उत्तर इटलीतला विद्वान पोलंडमध्ये स्थायिक झाला होता, आणि १६७५ मध्ये विल्नो येथे छापलेल्या आपल्या पुस्तकात त्याने सगळ्या देशांसाठी एकच माप असावे असे सुचवून त्याला 'मेत्रो कात्तोलिको' असे नाव दिले. 'कात्तोलिको' हाही ग्रीक वंशाचा शब्द असून त्याचा मूळ अर्थ 'सार्वत्रिक' असा आहे. ज्या लंबकाचा एक झोका एका सेकंदाचा होतो त्या लंबकाची लांबी म्हणजे हे माप, आणि ती आजच्या मीटरहून जेमतेम अर्ध्या टक्क्याने कमी भरते.

पुढे फ्रान्सने राज्यक्रांतीच्या काळात हे काम तडीस नेले. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोट्यंश म्हणजे एक मीटर, असे ठरले, आणि ते अंतर काढण्यासाठी देलांब्र आणि मेशँ या दोन शास्त्रज्ञांनी डंकर्क ते बार्सिलोना हा पट्टा १७९२ पासून सहा वर्षे मोजला. नव्या पद्धतीचा कायदा १७९५ मध्ये झाला. भारतात वजने व मापे यांचा प्रमाणीकरण कायदा १९५६ मध्ये संमत झाला, आणि पुढच्या काही वर्षांत गज, वार, शेर आणि मण यांची जागा मीटर, लिटर आणि किलोने घेतली.

५. सळई, सातबारा आणि ग्रीक आकडे

फ्रेंचांनी मोठ्या मापांसाठी ग्रीक आकडे आणि छोट्या मापांसाठी लॅटिन आकडे उपसर्ग म्हणून घेतले. डेका म्हणजे दहा, हेक्टो म्हणजे शंभर, किलो म्हणजे हजार, हे ग्रीक. डेसी, सेंटी आणि मिली हे लॅटिन. यातले 'डेका' म्हणजे दश आणि 'हेक्टो'तले शत, हे वर आलेच आहे. 'किलो'ची गोष्ट त्याहून रंजक आहे. तो ग्रीक 'खिलिओइ' या शब्दापासून फ्रेंचांनी आखडून घेतला, आणि 'खिलिओइ'चा नातलग म्हणजे संस्कृत 'सहस्र' या शब्दातला 'हस्र' हा भाग. फारसी 'हजार'ही त्याच 'सहस्र'च्या इराणी भावंडापासून आलेला आहे. त्यामुळे 'किलो म्हणजे हजार' असे जेव्हा मराठी मूल पाठ करते, तेव्हा ते एकाच जुन्या शब्दाची ग्रीक आणि इराणी अशी दोन रूपे शेजारी ठेवत असते.

सातबाऱ्यावर क्षेत्र 'हेक्टर, आर, चौरस मीटर' अशा रकान्यांत लिहिलेले असते. आर म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे १० मीटर लांब व तेवढाच रुंद तुकडा, आणि हेक्टर म्हणजे शंभर आर, अर्थात १०,००० चौरस मीटर. बोलण्यात मात्र गुंठा अजून पक्का आहे. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, एकूण १,०८९ चौरस फूट. चौरस मीटरमध्ये सुमारे १०१.१७. आर आणि गुंठा यांत इतका थोडा फरक असल्यामुळे जुने माणूस सातबारा वाचताना 'आर'ला सर्रास गुंठाच म्हणते. नवी मुंबईसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना विकसित भूखंडाच्या रूपाने परत मिळालेला वाटा 'साडेबारा टक्के' या नावाने ओळखला जातो, आणि उलव्याच्या कितीतरी इमारती अशाच भूखंडांवर उभ्या आहेत. एक हेक्टर जमीन गेली असेल तर तिचे साडेबारा टक्के म्हणजे १,२५० चौरस मीटर, आणि त्यातूनही सामाजिक सुविधांसाठीची वजावट होते. शेतकऱ्याच्या हाती उरलेल्या त्या तुकड्याचे माप ज्या शब्दात लिहिले गेले, तो शब्द ग्रीसहून फ्रान्सला आणि फ्रान्सहून इंग्रजीच्या वाटेने रायगड जिल्ह्यात आला होता.

बांधकामावर ग्रीक शब्द आणखी झिजून वापरात आले आहेत. 'डायमीटर'चा तिथे 'डाया' होतो आणि मिलिमीटरचा 'एमएम'. सळईचे वजन काढण्याचा एक ठोकताळा प्रत्येक साइट सुपरवायझरला पाठ असतो: डाया गुणिले डाया, भागिले १६२, की एक मीटर सळईचे वजन किलोमध्ये येते. १२ एमएमच्या सळईसाठी १४४ भागिले १६२, म्हणजे ०.८९ किलो, आणि १२ मीटरची पूर्ण सळई सुमारे १०.६७ किलोची. या एवढ्याशा हिशेबात डाया, किलो आणि मीटर असे तीन ग्रीक वंशाचे शब्द आहेत. गंमत अशी की 'डाया' म्हणताना 'दियामेत्रो'तले नेमके मापाचे पद गळून पडले आहे आणि 'आरपार' एवढाच अर्थ हाती राहिला आहे.

६. जामित्र: दीड हजार वर्षांपूर्वीचा डायमीटर

'डायमीटर' भारतात इंग्रजांच्या बरोबर आला असे समजणे मात्र चूक ठरेल. तो शब्द त्याच्या कितीतरी आधी एकदा येऊन गेला होता. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत पश्चिम किनाऱ्यावर ग्रीक भाषक व्यापाऱ्यांची ये-जा होती; पहिल्या शतकातील एका ग्रीक सागरप्रवास-पुस्तिकेत कल्याण आणि सोपारा या बंदरांची नावे आली आहेत, आणि कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर 'यवन' दात्यांचे लेख आहेत. या संपर्काच्या काळात ग्रीक फलज्योतिष संस्कृतात उतरले, 'यवनजातक' नावाचा ग्रंथ तयार झाला, आणि त्याबरोबर ग्रीक संज्ञाही आल्या. 'होरा', 'केंद्र' आणि 'जामित्र' या त्यांतल्या ठळक.

'जामित्र' म्हणजे ग्रीक 'दियामेत्रोन', अर्थात आरपार मापलेले, बरोबर समोरचे. कुंडलीची बारा स्थाने वर्तुळावर मांडली तर पहिल्या स्थानाच्या थेट समोर, व्यासाच्या दुसऱ्या टोकाला, सातवे स्थान येते; म्हणून सातव्या स्थानाला 'जामित्र' हे नाव पडले. सातवे स्थान जोडीदाराचे मानले गेल्यामुळे विवाहमुहूर्ताच्या विचारात जामित्राचा उल्लेख होऊ लागला, आणि कालिदासाने 'कुमारसंभवा'त शिव-पार्वतीच्या लग्नाची तिथी सांगतानाही हाच शब्द योजला आहे. ग्रीक 'द'चा भारतीय तोंडी 'ज' झाला, शब्दाला संस्कृत घाट आला, आणि तो परका आहे याची आठवणही कोणाला उरली नाही.

म्हणजे मोजण्याचा हा एकच मूळ धातू मराठीच्या घरी तीन वाटांनी पोचला आहे. 'मात्रा' आणि 'मिती' या रूपांत तो वारशाने मिळाला, 'जामित्र'मध्ये तो जुन्या व्यापाराच्या काळात उसना आला, आणि 'मीटर'मध्ये तो नव्या काळात पुन्हा उसना आला.

७. आईचे शहर

आता राहिली मेट्रो. ती 'मेतेर' म्हणजे आई आणि 'पोलिस' म्हणजे नगर या दोन ग्रीक शब्दांच्या जोडातून, 'मेत्रोपोलिस' या शब्दातून आली आहे. ग्रीक शहरांची वस्ती वाढली की काही कुटुंबे जहाजाने दूर जाऊन नवे शहर वसवत, आणि ज्या शहरातून ती निघाली ते नव्या शहराचे मातृनगर, मेत्रोपोलिस. सिसिली बेटावरचे सिराक्यूज हे कोरिंथच्या लोकांनी इसवी सनापूर्वी आठव्या शतकात वसवले. कोरिंथ त्याचे मातृनगर. दोन्ही शहरांची बोली डोरिक होती, त्यामुळे आजच्या इटलीच्या भूमीवर आईला त्या काळी 'मातेर' म्हणत, आणि तो शब्द संस्कृत 'मातर्'पासून किती जवळ आहे हे सांगायला नको. लॅटिन 'मातेर' हाही त्याच घरातला. रुग्णालयातली मेट्रन त्याच्याकडून आली आहे, आणि लाकूड किंवा झाडाचे मूळ खोड या अर्थाच्या लॅटिन 'मातेरिया'तही हीच आई असल्याचे मानतात. उलव्यात वाळू-सिमेंटच्या दुकानांवर 'बिल्डिंग मटेरियल' असे लिहिलेले असते, त्यातले मटेरियल ते हेच.

सिराक्यूजच्या जोडीने इटलीतल्या आणखी एका ग्रीक वसाहतीचे नाव नवी मुंबईच्या वाचकाने लक्षात ठेवावे. इंग्रजीत ज्याला नेपल्स म्हणतात त्या शहराचे इटालियन नाव 'नापोली' आहे आणि ते 'नेआपोलिस', म्हणजे नवे नगर, या ग्रीक नावाचे झिजलेले रूप आहे. 'नेओस' हा संस्कृत 'नव'चा भाऊ आणि 'पोलिस' हा 'पुर'चा. शब्द अवयवाला अवयव जुळवून मराठीत आणला तर 'नवापूर' होते, आणि त्या नावाचे गाव नंदुरबार जिल्ह्यात आहे.

'मेत्रोपोलिस'वरून 'मेट्रोपोलिटन', आणि लंडनमध्ये १० जानेवारी १८६३ रोजी सुरू झालेल्या पहिल्या भुयारी रेल्वेचे नाव 'मेट्रोपोलिटन रेल्वे'. पॅरिसने १९०० मध्ये आपल्या रेल्वेला तसेच नाव दिले आणि लोकांनी ते तोडून 'मेत्रो' केले. तोच तुकडा इटलीत गेला आणि भारतातही आला. नगर गळाले, आई तेवढी राहिली.

मराठी परिभाषेने 'मेट्रोपोलिस'ला 'महानगर' म्हटले. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या प्राधिकरणाचे नाव 'मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण' असे आहे आणि उलवे त्याच प्रदेशात मोडते. 'महा' शब्दाने आकार सांगितला गेला, पण मूळ शब्दातले मायलेकरांचे नाते सुटले. 'मातृनगर' हा शब्द त्या वेळी घेतला असता तर तो अधिक अचूक आणि या ठिकाणाला अधिक शोभणारा ठरला असता, कारण १९७० पासून सिडकोने खाडीपलीकडे वसवलेल्या शहराला त्याच्या मातृनगराचेच नाव, 'नवी' हे विशेषण लावून, मिळाले आहे. आणि 'मुंबई' या नावाची प्रचलित व्युत्पत्ती 'मुंबा' आणि 'आई' अशीच सांगितली जाते.

लिंगाच्या बाबतीत मराठीने स्वतंत्रपणे इटालियनचीच वाट धरली आहे. इटालियनमध्ये रेल्वेचा शब्द स्त्रीलिंगी म्हणून मेत्रो स्त्रीलिंगी झाली, मराठीत गाडी स्त्रीलिंगी म्हणून मेट्रो. मीटर बसवला किंवा बसवले जाते. मेट्रो येते आणि जाते.